दहा गावांत मी जे बोललो नाही

ती बाई ओट्यावरून खाली उतरली नाही. वरूनच तिनं तांब्या कलता केला आणि म्हणाली, "वंजळ धरा."

आम्ही दोघं खाली गोठ्याजवळ दगडावर बसलो होतो. मी आणि रॉय. मी ओंजळ धरली. हात आपोआप तोंडाशी गेले. रॉयनं माझ्याकडं बघितलं आणि तशीच धरली. अमेरिकेहून आलेला पन्नाशीचा माणूस. जमिनीच्या पोटातलं पाणी काढणारा. तो मान वाकवून धारेखाली पाणी प्यायला. अर्धं सदऱ्यावर सांडलं. शिंतोडा उडेल म्हणून बाई आणखी एक पाऊल मागं सरली.

"ती इतक्या लांबून का ओतते?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मी म्हणालो, "आमच्याकडं पाहुण्याला असंच देतात. मान असतो तो."

असं मी म्हणालो. तोंड जराही वाकडं न करता.

दुष्काळाची वर्षं होती. पारनेरच्या बाजूला विहिरी कोरड्या पडलेल्या. अमेरिकेतल्या एका संस्थेनं बोअरची गाडी पाठवली होती, आणि मी त्या गाडीवर दुभाष्या होतो. वय सव्वीस. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. आजा ख्रिस्ती झाला, म्हणून मी मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजी शिकलो. आज्यानं देव बदलला, पण गावानं आम्हाला महारच ठेवलं. गरज असली की मला 'मास्तर' म्हणायचे. बसायला दगड द्यायचे.

गाडीवर दोन अमेरिकन. एक गोरा, तो साहेब. तिशीचा. दुसरा रॉय, काळा. मशीन रॉय चालवायचा. वर येणारी भुकटी चिमटीत चोळून तो सांगायचा, अजून इतके फूट जावं लागेल. साहेब ते वहीत लिहायचा, की ते साहेबाचं मत व्हायचं.

त्या दुपारी आम्ही दोघं गोठ्याजवळ कसे आलो, तेही सांगतो. सरपंचानं साहेबाला हाताला धरून घरात नेलं. रॉय मागोमाग निघाला तसा सरपंच उंबऱ्यात थांबला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यो हबशी कुठल्या जातीचा?"

"अमेरिकन आहे," मी म्हणालो.

"त्ये कळतंय. पन त्यांच्यात बी वरचं-खालचं आसंल की."

मी साहेबाला सांगितलं, रॉय कुठं बसेल असं ते विचारतायत. साहेब बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "रॉयला बाहेर बसायची सवय आहे. त्याचं काही म्हणणं नसतं."

मी ते मराठीत सांगितलं. सरपंचाचा चेहरा खुलला. "मंग झालं तर! तुमच्याकडं बी हायच म्हना की."

"काय म्हणतात?" साहेबानं विचारलं.

"आनंद झाला म्हणतात."

साहेब हसला. सरपंच हसला. दोघांची ओळख पटली होती, सात समुद्र ओलांडून, माझ्या जिभेवरून. मीही हसलो. 

दोन दिवस मशीन खडकात अडकून पडलं. आम्ही गाडीच्या सावलीत भाकरी खायचो. एकदा रॉय सहज म्हणाला, माझ्या गावात बुटाच्या दुकानात आम्हाला बूट पायात घालून बघू देत नसत. आमच्या पायाला लागलेला बूट मग गोऱ्यांना कसा विकणार? म्हणून आई मला कागदावर उभं करायची. पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारायची. तो कागद घेऊन ती दुकानात जायची. बूट कधी घट्ट निघायचे, कधी ढगळ. परत घेत नसत.

"आता?" मी विचारलं.

"आता कायदा झालाय. बूट घालून बघतो. पण दुकानदार तोवर माझ्या पायाकडं बघत असतो." भाकरीचा तुकडा मोडत त्यानं विचारलं, "आणि इथं तू कोण आहेस?"

"ख्रिश्चन," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि तुकडा तोंडात टाकला. माझी उरलेली भाकरी मी फडक्यात परत बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी लागलं. आधी चिखल उडाला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं नाचायला लागली. ओढ्यापलीकडच्या महारवाड्यातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन धावत आल्या. त्यांना वीस पावलांवर अडवलं. त्या तिथंच बसल्या.  अडवणाऱ्यांना आवाज चढवावा लागला नाही.

हापसा बसवण्याआधी सरपंचाची सही लागायची. कागद इंग्रजीत असायचा. त्यात लिहिलेलं होतं, हा हापसा गावातल्या प्रत्येकासाठी आहे आणि प्रत्येक जण आपल्या हातानं पाणी भरेल. याआधीच्या दहा गावांत तो कागद मी 'पाणी लागल्याची पावती' म्हणून वाचला होता. दहा सरपंचांनी सह्या केल्या. दहा गावांत आमची माणसं हापशापासून लांब उभी राहिली, कुणी पाणी वाढेल याची वाट बघत. साहेबानं कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. नोकरी टिकली.

सरपंच कागद हातात घेऊन म्हणाला, "सायबाला सांग, पानी समद्यांना हाय. त्यांला आमी वाढू की. हापशाला हात लावायचा न्हाई, येवढंच." मग आवाज खाली आणून, "तू नीट सांगशील. तुज्या जातीला कळतं, कुठं काय बोलायचं."

व्हय. कळत होतं. पिढ्यान् पिढ्या तेवढंच तर शिकवलं होतं.

मी साहेबाकडं वळलो आणि शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. हात लावायचा नाही, तेही. माझ्या जातीचं वाक्यही.

साहेब लाल झाला. हळू आवाजात म्हणाला, "आपण त्यांच्या चालीरीतींत पडायचं नाही. सही घे आणि निघू."

मग मी गावाकडं तोंड केलं. साहेबाचं वाक्य मराठीत सांगितलं, मोठ्यानं. आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला, वीस पावलांवरच्या बायकांना ऐकू जाईल असा. प्रत्येकासाठी. आपल्या हातानं.  आवाज कसा फुटला ते मलाच माहीत नाही.

"ए, काय वाचतो ह्यो?" सरपंच ओरडला. "पावती हाय ना ती?"

"पावती न्हाई. तुमी काय कबूल करताय, ते हाय."

कुणीतरी माझी कॉलर धरली. रॉय पाना घेऊन हापशाच्या सामानापाशी उभा होता. त्याला मी इंग्रजीत सांगितलं, पहिल्या दिवशीचं पाणी मानाचं नव्हतं. मी खोटं बोललो.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तू प्यायलास म्हणून मी प्यायलो."

मग त्यानं साहेबाला विचारलं, "कागदात जे आहे तेच तो बोलला ना?"

"रॉय, तुझं काम मशीनचं आहे."

रॉयनं पाना खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानं तो हापसा बसवला नाही.

पण हापसा बसला. दुसऱ्या दिवशी नगरहून मिस्त्री आला. शाळेतल्या गुरुजीनं 'पावती' वाचून दाखवली. सरपंचानं सही केली. त्याच आठवड्यात रॉयला दुसरीकडं पाठवलं. निरोप घ्यायलाही भेट झाली नाही. मला साहेबानं बोलावून सांगितलं, दुभाष्यानं आपल्या पदरचं काही घालू नये. मी म्हणालो, साहेब, वर्षभर मी पदरचंच घालत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा घातलं नाही. त्यानं दार दाखवलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं झोपलेल्या मुलीवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आनि त्या दहा गावांचं काय?"

माझ्या पिशवीत त्या कागदाच्या सही नसलेल्या नकला उरल्या होत्या. उसनी सायकल घेतली आणि पहिल्या गावी गेलो. महारवाड्यात माणसं गोळा केली आणि कागद मराठीत वाचला. तुमच्या सरपंचानं यावरच सही केलीय, तेही सांगितलं. एक म्हातारी पुढं आली. गुडघ्यावर हात ठेवून माझ्यासमोर बसली.

"ह्ये तवाच का न्हाई सांगितलंस? माज्या सुनंनं सा म्हैनं हात पसरलं तिथं."

"भ्यालो होतो," मी म्हणालो.

तिनं माफ केलं नाही.  ते बरंच झालं. माफी मागायला मी आलोच नव्हतो. त्यांचं होतं ते मी दाबून ठेवलं होतं. ते त्यांच्या हातात द्यायला आलो होतो. पुढं जे होईल ते होईल. दगड येतील, पोलीस येतील, येऊ देत. पण कुणाचाही माज आता माझ्या तोंडून मऊ होऊन बाहेर पडणार नाही. साहेबाचा नाही. सरपंचाचा नाही.

कागद मी म्हातारीजवळ ठेवला आणि उठलो. अजून नऊ गावं होती.