फोन जोडणाऱ्या बाईबद्दल एक दुरुस्ती

मंजुळा काल गेली. तिची माफी मागायला मला उभं आयुष्य मिळालं होतं.

पालघरच्या बाजारात मासळी घेणारे बरेच जण तिला ओळखतात. मुरबे गावची मंजुळा.
माझी ओळख त्याआधीची. आम्ही मॅट्रिकला एका वर्गात होतो.

साठचं दशक. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि गोऱ्या इंजिनिअरांची कुटुंबं राहायला आली होती. मंजुळाची आई त्यांच्या दारोदार मासळी विकायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून रविवारी बोलायला मंजुळा जायची.

तिथल्या एका मॅडमने तिला आपल्या मुलाचं जुनं कॉमिक दिलं. हिरवा मुखवटा घालून भिंतीतून आरपार जाणारा हिरो.
आणि त्या अंकात पहिल्यांदाच आलेलं एक नवं पात्र. एक बाई.

मंजुळा ते शाळेत घेऊन आली. भित्तिपत्रकाचा संपादक मी.
मला म्हणाली, "या बाईवर मी लिवू का?"
मी म्हणालो, "तू कशाला त्रास घेतेस? मी लिहितो."

आता माझी लायकी सांगतो. संस्कृतात पहिला. इंग्रजीत काठावर.
पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतली वाक्यं दुसऱ्या पानालाच सोडून दिली. चित्रांवर भागवलं.

चित्रात त्या बाईच्या दोन्ही कानांवर काहीतरी मोठं, गोल. समोर भोकांची भिंत, त्यात दोऱ्या.
टेलिफोन एक्स्चेंज मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी रिव्ह्यू लिहिला: "हे नवे पात्र म्हणजे नायिकेची सखी होय. तिची कर्णभूषणे कुलीन घराणे सुचवितात. ती विणकामात निमग्न असून कथानकास तिचा काडीचा उपयोग नाही."

सुवाच्य अक्षर. खाली माझं नाव. शेजारी खिळ्याला टांगलेलं कॉमिक.

मधल्या सुट्टीत सगळे वाचत होते. मागून मंजुळा म्हणाली, "सखी नाय ती. फोन जोडनारी बाय हाय. तिकडे प्रकल्पाच्या ऑफिसात हाय तशी. दिवसभर सगल्यांचं ऐकते, कोनाशी बोलत नाय. शेवटी बोलते, म्हनून तर त्या हिरोचा जीव वाचतो."

मी चित्राकडे पाहिलं. तिचं सगळं बरोबर होतं. मला तिथल्या तिथे कळलं.

आणि मी म्हणालो, "हल्ली टोपलीत बोंबलांबरोबर इंग्रजीही येतं वाटतं?"

भित्तिपत्रकाखाली एवढा हशा कधी झाला नव्हता. एकाने तर नाक धरलं.

मंजुळाने कॉमिक काढून घेतलं आणि दप्तरात ठेवलं.
मॅट्रिक होईपर्यंत वर्गात तिने तोंड उघडलं नाही. सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर वहीत लिहून दाखवायची.

रिव्ह्यू महिनाभर भिंतीवर होता. संपादक मीच होतो.

पुढे मी शिकवायला लागलो, ती आईच्या जागी बाजारात बसली. मी मासळी तिच्याकडूनच घ्यायचो. हे माझं प्रायश्चित्त.
पापलेट खाऊन करायचं प्रायश्चित्त कुठल्याही शास्त्रात नाही, ठाऊक आहे.

निवृत्त झालो त्या वर्षी धीर केला. सरंगा निवडायच्या निमित्ताने वाकलो आणि हळूच म्हणालो, "मंजुळा, ते भित्तिपत्रक. माझं चुकलं होतं."

तिचा हात थांबला नाही. खवले काढता काढता म्हणाली, "हलू कशाला बोलता, मास्तर? तवा तर मोठ्यानं बोल्लेलात."

मी मागे पाहिलं. दोन माजी विद्यार्थी. शेजारचे वकील आणि त्यांच्या मिसेस.

"तुकडे केवढे करू?" तिने विचारलं.
"मध्यम," मी म्हणालो.

त्यानंतरही कितीतरी वर्षं जात राहिलो. ती वाट पाहत होती असं म्हणणार नाही, तिला कामं होती. बोलायचं मला होतं, आणि दर वेळी मागे कोणीतरी ओळखीचं उभं असायचं.

आज इथे फेसबुकवर सगळे आहेत. विद्यार्थी, वकील, वर्गातले उरलेसुरले. म्हणून मोठ्यानं:

ती सखी नव्हती. टेलिफोन ऑपरेटर होती. तिच्यावाचून ती गोष्ट संपतच नाही. मंजुळाने ते वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं, आणि हे मला त्या मधल्या सुट्टीतच कळलं होतं.

कृपा करून खाली "सर, केवढा हा तुमचा मोठेपणा" असं लिहू नका.
जिने ऐकायला हवं होतं ती काल गेली.

मंजुळा, शेवटचा नमस्कार.