रडायची रेकॉर्ड

आमच्या भागात काही वर्षं मुलींची पाठवणी एका अमेरिकन गाण्यावर होत असे. हे सांगितलं की लोक हसतात, आणि मी गंमत करते आहे असं समजून चहा मागतात. गंमत नाही. माझ्या दोघी चुलत बहिणी त्याच गाण्यावर सासरी गेल्या आणि सुखात राहिल्या, म्हणजे माणसं जितकी राहतात तितक्या.

गाणं आणलं माझ्या मामानं. मामा नाचणगावात आमच्याच गल्लीत राहायचा. लढाई संपल्यावर गोऱ्या सैनिकांचं उरलंसुरलं सामान नागपूरला लिलावात निघालं होतं, त्यात त्यानं चाबीचा फोनो घेतला. पेटीच्या तळाशी ही एक रेकॉर्ड राहून गेलेली होती. पुढे त्यानं भोंगा घेतला, मोटारीची बॅटरी घेतली आणि लग्नांत बाजा लावायचा धंदा सुरू केला. पुलगावपासून गिरडच्या उरुसापर्यंत त्याला बोलावणं यायचं. भजनाच्या आणि सिनेमाच्या रेकॉर्डी सगळ्याच बाजावाल्यांकडे असत. ही एकट्या मामाकडे होती.

ती पहिल्यांदा वाजली ती घाईत. नवरी गाडीत बसली, बैल जुंपले, मामाला कोणीतरी ओरडून सांगितलं की लाव काहीतरी, आणि हाताला आली ती त्यानं लावली. एक माणूस नाकातून गात होता आणि त्याच्यामागे कुठली तरी तार वासरू तोडलेल्या गाईसारखी हंबरत होती.  मग एकीनं पदर डोळ्याला लावला आणि मांडवभर रडं फुटलं. नवरीचे आजोबा, जे स्वतःचं घर जळालं तेव्हा विडी ओढत बसले होते, तेही रडले. पुढच्या लग्नात लोकांनी मामाला आधीच बजावलं, ‘ते रडायची रेकॉड आनजो.’ चार लग्नांत झालं की ती चाल होते, आणि चाल पडली की तिचं शास्त्र व्हायला वेळ लागत नाही.

एका वर्षात तर वरपक्षच अडून बसू लागला. समुद्रपूरकडच्या एका लग्नात मामाच्या गाडीचा आख मोडला आणि तो दुपारी पोचायचा तो दिवेलागणीला पोचला. तोवर नवऱ्यामुलाच्या आईनं अख्खी वरात बसवून ठेवली. ‘रेकॉड वाजली नाई, मंग पोरगी वाटे लागली असं कसं म्हनाचं?’ असं ती चारचौघांत म्हणाली, आणि त्या बाईचा शब्द तालुकाभर झाला. या बाईला अजून एक मुलगा लग्नाचा होता. ती पुढे माझी सासू झाली.

मी तेव्हा पुलगावच्या शाळेत मॅट्रिकला होते. नाचणगावातून शाळेत चालत जाणाऱ्या आम्ही तिघीचौघीच मुली. दिवाळीनंतर शाळेचं संमेलन झालं आणि भोंगा लावायला मामा आला. आवाज तपासायला म्हणून त्यानं तीच रेकॉर्ड लावली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या गावच्या बाया सवयीनं डोळे पुसू लागल्या. आमचे इंग्रजीचे मास्तर नवे होते, नागपूरचे, खादीचा कोट घालणारे. ते भोंग्याखाली जाऊन उभे राहिले. त्यांनी मामाला ती पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा, आणि मग ते हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात अर्थ सांगितला. गाणारा म्हणतो, मी त्या देशात तरुण होतो तेव्हा काय मजा होती. बापाची मोटार मागून घ्यायची आणि कुठेही जायचं नसताना फिरायचं. शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी गोठ्यात नाच असायचा. दुपारी नदीवर जाऊन नुसतं बसायचं. खिशात काही नसायचं, काम काही नसायचं, आणि तरी आम्ही राजे होतो. ‘यात रडण्यासारखं काहीही नाही,’ मास्तर म्हणाले. ‘हे आनंदाचं गाणं आहे.’

गावात ही बातमी पोचली तेव्हा लोकांनी शांतपणे विचार केला आणि ठरवलं की मास्तरला इंग्रजी येत नाही. मामा म्हणाला, ‘आनंदाचं अस्तं तं लोकं काऊन रडले अस्ते?’  

आईनं मात्र मला दुपारी निंबाखाली बोलावलं. तिनं खाटेवर आधी हात फिरवला आणि मग बसली. लहानपणी तिला खाटेवर विंचू चावला होता. तेव्हापासून हात फिरवल्याशिवाय ती कुठेच टेकत नसे, देवळाच्या पायरीवरसुद्धा. मामा तिला यावरून चिडवायचा.

‘काय हाय वं त्या गान्यात?’ तिनं विचारलं.

मी मास्तरांनी सांगितलं तसं सांगितलं.

‘उमर किती त्याईची?’

‘सोळा-सतरा असन.’

‘लगन झालेले?’

‘नाई.’

‘वावरात जात होते?’

‘तसं नाई सांगतलं गान्यात.’

‘मंग करत काय होते दिवसभर?’

‘तरुण होते, माय.’

 आई म्हणाली, ‘नदीवर जाऊन कपडे नाई धुतले?’

‘नाई. बसले नुसते.’

‘नुसते,’ ती म्हणाली, आणि तूर पाखडायला उठली. तिचं लग्न झालं तेव्हा तिला परकर नेसवायलाही दुसरं कोणी लागायचं. सासरी ती आली ती थेट चुलीपाशी. आमच्याकडे पोरगी असायची आणि बाई असायची, मधलं वय कोणी पाहिलेलं नव्हतं. मलाही ते गाणं कळेपर्यंत असं काही असतं हे ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर मला सगळ्यांचा फार राग आला. कोणाचा ते नीट सांगता आलं नसतं म्हणून मी तो भूमितीवर काढला.

त्याच मार्गशीर्षात माझी सोयरीक ठरली. बाबा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. त्यांच्या हातून तोलात कधी चूक झाली नाही आणि शब्दातही नाही, असं ते स्वतःच सांगायचे. मुलगा बरा होता, शेती होती, घर गिरडच्या पलीकडे. लग्न माघात. मॅट्रिकची परीक्षा त्यानंतर महिन्यानं, वर्ध्याला. मी बाबांना म्हटलं, लग्न करा, पण परीक्षा झाल्यावर पाठवा. बाबांनी तसा निरोप धाडला. सासूचं उत्तर आलं: भाकर गोल येते का ते विचारा, बाकी परीक्षा आमच्याकडे होईल.

‘शब्द देऊन बसलो,’ बाबा म्हणाले.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण कोणी लक्षच दिलं नाही. एकदा तिथे गेले की परीक्षेला परत येणं नव्हतं, हे मला माहीत होतं. दहा वर्षं चालत जाऊन जे मिळवायचं ते एका गाडीत बसून जाणार होतं. आईकडे गेले. आई म्हणाली, ‘मी काय करू, पोरी? माह्यं कोन आयकते?’ हे खरंच होतं. आमच्या घरात आईचं फक्त बैल ऐकायचे.

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, सासूनं भाजीत मीठ कमी असल्याचं दोनदा सांगितलं. नवरदेव तोंडाला रुमाल लावून बसलेले, त्यामुळे त्यांचं मत कळलं नाही. ऊन कलायला लागलं तसं मला गाडीत बसवलं. बैलांच्या शिंगांना रंग होता. हातात हिरवा चुडा, ओटीत नारळ, आणि मी मनात बीजगणिताची सूत्रं म्हणत होते, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर तिथेच ओरडले असते.

मामानं रेकॉर्ड पेटीतून काढून निंबाखालच्या खाटेवर ठेवली होती, वरून चादरीची घडी. त्या रेकॉर्डी लाखेच्या असत. उन्हात वाकायच्या आणि दाब पडला की फुटायच्या. मामा फोनोची चाबी भरत होता आणि सुई बदलत होता. बाया पदर सावरून तयार उभ्या होत्या. गाडीतून मला खाट सरळ दिसत होती.

आई आली. हातात निरोपाच्या कुंकवाची वाटी होती. ती खाटेपाशी थांबली. नेहमीप्रमाणे तिनं खाटेवर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चादरीच्या घडीवर तिचा हात थांबला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग ती बसली.

आवाज मोठा नव्हता, कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा. मामा वळला. आई बसूनच होती. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘उठ.’ ती उठली, तेही सावकाश. मामानं चादर उलगडली आणि तुकडे पाहत राहिला.

‘दिसली नाई मले,’ आई म्हणाली.

मामा तिचा पाठचा भाऊ. विंचवाची गोष्ट त्याला माहीत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, त्या तुकड्यांकडे पाहत राहिला, आणि बहिणीच्या घरच्या कार्यात काही बोलायचं नसतं म्हणून बोलला नाही.

त्यानं एक भजन लावून पाहिलं. दोनतीन बायांनी प्रयत्न केला, पण विठ्ठलाचं नाव आल्यावर त्यांनी हात जोडले आणि रडणं राहिलं. मग सिनेमाचं लावलं, त्यावर पोरं नाचायला लागली. सगळे सासूकडे पाहू लागले. सासू स्वतःच्याच शब्दात अडकली होती आणि ते तिला कळलं होतं. शेवटी त्यांच्यातले एक म्हातारे पुढे झाले. त्यांनी सांगितलं की पाठवणीची वस्तू ऐन घटकेला फुटली हा काही चांगला शकुन नाही, अशी सून आज उंबऱ्यात घेऊ नये, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, न्यावी. सासूनं आवाज चढवला. म्हातारे म्हणाले, ‘शास्त्र तुह्यंच हाय, बाई.’

मला गाडीतून उतरवून घेतलं. असा प्रकार आमच्या गावात आधी झाला नव्हता, त्यामुळे उतरलेल्या नवरीनं काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी घरात गेले आणि भूमितीचं पुस्तक काढलं.

हळदीच्या हातांनी मी शाळेत जाऊ लागले. चुडा बाकावर वाजायचा, मास्तर म्हणायचे, हात हलवू नका. मामा काही दिवस आमच्याकडे फिरकला नाही. त्याची बोलावणी कमी झाली, कारण त्या एका रेकॉर्डीसाठीच लोक त्याला बोलवायचे. होळीला तो आला, पुरणपोळी जेवला आणि जाताना आईला म्हणाला, ‘खाटेवर हात फिरवत जा, बाई.’ आई म्हणाली, ‘फिरवतो ना.’ दोघंही हसले नाहीत.

परीक्षा वर्ध्याला झाली. मी पास झाले, तिसऱ्या श्रेणीत, इंग्रजीत काठावर. निकाल सासरी असताना कळला. सासूनं विचारलं, याचं आता काय करायचं, आणि मलाही सांगता आलं नाही. पुढे मला शाळेत नोकरी लागल्यावर तिनं तो प्रश्न सोडला.

अखजीला मला न्यायला गाडी आली. वरात नाही, बाजा नाही, दोन माणसं आणि बैल. पहाटे आई माझी वेणी घालत होती.

‘कसं होतं मंग?’ तिनं विचारलं.

‘काय?’

‘तेच. गान्यातलं.’

मी विचार केला. ‘अभ्यासच होता, माय.’

‘नदीवर गेलती का?’

‘गेलती. पेपर झाल्यावर, पोरींसंग.’

‘काय केलं?’

‘काई नाई. बसलो.’

‘नुसते?’

‘नुसते. पाय पान्यात टाकून. संध्याकाळवरी.’

आईचा हात वेणीत थांबला. ‘काय वाटलं?’

‘लय चांगलं वाटलं.’

‘हो,’ ती म्हणाली, जणू तिलाही ते माहीत होतं. मग तिनं वेणी घट्ट ओढली, गाठ मारली, ओटी भरली. गाडीपाशी मी तिला म्हटलं, आता रेकॉड नाई, बाया कशा रडतीन?

‘माह्या वक्ती कुठं रेकॉड होती,’ आई म्हणाली. ‘मी तशीच रडली.’

ती वळून आत गेली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी सूत्रं म्हणायचा प्रयत्न केला. परीक्षा झाली होती, एकही आठवेना. मग मीही तशीच रडले.