चारीचं दार

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, हे एक सोडून. वडिलांना सांगायचं राहिलं, आणि आता ते नाहीत. बरंच झालं म्हणा. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मूळचा कळसाडीचा, नोकरी पाण्याच्या खात्यात. वडील अक्कलकुव्याच्या वर डोंगरातल्या शाळेत मास्तर होते. माझं लहानपण तिकडेच गेलं, त्यामुळे भिली मला घरच्या अहिराणीइतकीच येते. आमच्या ऑफिसात ती बोलणारा मी एकटा. याचा मला माज होता — होता कशाला, आहे.

मग वरून नवं धोरण आलं. खात्याविरुद्धचे खटले कोर्टात वर्षानुवर्षं कुजतात, तर आधी लोकांसमोर बसा, बोला, सामोपचाराने मिटवा. धोरणाला मी नावं ठेवणार नाही, चांगलंच होतं. नियमही सरळ — पटलं नाही तर माणूस केव्हाही उठून कोर्टात जाऊ शकतो, आणि हे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. पहिलंच प्रकरण, ते मिटायलाच हवं, असं साहेब रोज बजावायचे. ऑफिसातल्या मित्राने पाठीवर थाप मारली, "भाऊ, हाई काम तुन्हंच शे." मी फुगलो.

प्रकरण दामजीदादाचं. तलावातून निघणारी चारी, म्हणजे लहान कालवा, त्याच्या शेतातून न्यायची होती. तीही सपाट तुकड्यातून, आणि सपाट असा तोच एक तुकडा. त्याचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. जमीन घ्या, पण चारीला माझ्यासाठी एक दार ठेवा, उरलेल्या शेताला पाणी मिळू द्या. पाणी मिळालं तर दिवाळीनंतर पोराला गुजरातेत ऊसतोडीला जावं लागणार नाही. यात काय मोठं मागितलं हो त्याने?

त्याच्या अंगणात बसलो होतो. साहेब मराठीत म्हणाले, आराखड्यात दार नाही, मिळणार नाही, त्याला समजावून सांगा. दादाला एवढं मराठी कळत नव्हतं. मुलगा सायसिंग शिकलेला, पण तो मजुरीला गेलेला — तसाच दिवस मी निवडला होता. दादा माझ्याकडे बघत होता. मास्तरचा पोऱ्या काय सांगतो, याची वाट बघत होता. आणि मी —

मी त्याला भिलीत सांगितलं, दार देऊ म्हणतात.

बस, एवढंच. एका दमात बोलून गेलो, जीभही अडखळली नाही.

पण दार झालं नाही तर हा कोर्टात जाईल, हेही मला कळत होतं. म्हणून मी पुढचं केलं, आणि खरी घाण तीच आहे. डोंगरात पंचांसमोर भांडण मिटलं की मोहाची दारू आणतात. थोडी धार पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडतात, उरलेली दोन्हीकडचे पितात. धार पडली की विषय संपला; तो परत उकरणारा माणसातून उठतो. मीच म्हणालो, दादा, धार सोडून टाकू. त्याचा चेहरा असा खुलला! सरकार पहिल्यांदा त्याच्या रीतीने वागत होतं ना. साहेब गाडीकडे बघत उभे राहिले. आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही, पण मी त्या दिवशी प्यालो — त्याला खरं वाटावं म्हणून. मग त्याने अंगठा दिला. उठून जाता येतं, कोर्ट आहे, हे सांगायचं मी गिळून टाकलं.

चारी झाली. दार झालं नाही. त्याच्या शेतातून पाणी खालच्या गावांना जातं आणि तो काठावर उभा राहून बघतो. सायसिंगने वकील गाठला, तर बापानेच त्याला अडवलं — धार पडली आहे, त्यांनी शब्द मोडला म्हणून आपण मोडायचा का? सायसिंग आता बायको-पोरांसकट ऊसतोडीला जातो.

अक्कलकुव्याच्या बाजारात दादाने मला गाठलं. वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं! तो म्हणाला, "तू तर सांगितलं त्यांना. त्यांनीच फसवलं. तू वाईट नको वाटून घेऊ." वर मलाच चहा पाजला. मी प्यालो तो.

इकडे माझी वाहवा. 'स्थानिक रूढीचा मान राखून तडजोड' — माझ्या अहवालातला हा परिच्छेद जिल्ह्याच्या सूचनांमध्ये गेला, दुसऱ्या खात्यांनीही उचलला. मला नंदुरबारला बोलावतात, नव्या भरतीच्या पोरांना शिकवायला. विषय कोणता? लोकांचा विश्वास कसा मिळवावा. हसा, हसा.

गेल्या महिन्यात त्याच गावात दुसरी चारी निघाली. लोक पेटलेले, खात्याच्या माणसाशी बोलायलाच तयार नव्हते. तेव्हा दामजीदादा उठला. खातं खोटारडं आहे, म्हणाला, पण हा मास्तरचा पोऱ्या, हा आपल्यातला, हा सांगेल ते खरं. मग सगळ्यांदेखत माझ्याकडे वळला.

"हो ना रे?"

त्या वेळी सांगता आलं असतं. सगळं गाव समोर होतं, भाषा येत होती, साहेबही आलेले नव्हते.

मी म्हणालो, "हो."