ग्रहणाच्या सहा महिने आधी

मीनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. उरलेलं तपासून संपवलं, मगच चपला घातल्या... महिना होत आला, अजून रडू आलेलं नाही.

ओळखही पत्रकांमुळेच झाली. मी कॉलेजात, ती शाळेत विज्ञान शिकवणारी. रविवारी आम्ही अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचो. तिचं सासर भाजीवाल्यांचं, मळा नाशिकला लागून. नव्वदच्या दशकातल्या एका ग्रहणात, सातवा महिना चालू असताना, सासूबाई नको नको म्हणत असताना तिने विळीवर मेथी चिरली. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता! पुढे बाळ जन्मलं ते उघड्या कवटीचं. तासाभरात गेलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "विळी धरू नको म्हनले व्हते." त्यानंतर ताई पत्रकं वाटायला आली नाही. सगळं ठाऊक असूनही तिने तो आरोप मनातल्या मनात कबूल करून टाकला होता.

वर्षभराने ती आमच्या स्वयंपाकघरात आली, डॉक्टरीणबाईंकडून थेट. आईने मळलेल्या कणकेचा गोळा उचलून तिने पोळी लाटली.

"मेंदू आधी असा सपाट असतो. मग कडा उचलतात आणि करंजीसारख्या मिटतात. पहिल्याच महिन्यात! माझ्या बाळाची कड तेव्हाच उघडी राहिली."

"म्हणजे ग्रहण..."

"सहा महिन्यांनी आलं गं!"

मी भडकले. सासूबाईंच्या त्या एका वाक्याने तिला वर्षभर जाळलं, त्याचा जाब कोण देणार? ती म्हणाली, "म्हातारीला तरी कुणी सांगितलं होतं?"

मग ती लग्न ठरलेल्या मुलींना गाठू लागली. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर असं बरंचसं टळतं, हे सांगत. मी पत्रकात 'गर्भवती भगिनींनो' लिहिलं, तर तिने ते खोडलं. "दिवस गेल्याचं कळेपर्यंत कड मिटायची वेळ निघून गेलेली असते, बाई."

परवा तिच्या घरी गेले. शेजारची नवी सून सासूला घेऊन आली होती. सासू कुरकुरत होती, "पाळणा लांबवायच्या तर नाय ना या गोळ्या?"

मीनाताईच्या सासूबाई भिंतीला धरून उठल्या. देवाच्या फळीवरची डबी काढली.

"उलट हाय. पोराचं डोकं पयल्या महिन्यातच घडतं. आमच्या मीनानं सांगितलंय."

पोरीच्या तळव्यावर गोळी ठेवली, हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि ती गिळेपर्यंत म्हातारी तिच्यासमोरून हलली नाही.