वगळलेला गठ्ठा

मोजता येत नाही असं काही जगात असू शकतं, हे माझ्या नणंदेला आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. त्या अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी केलेला चहा पिऊन आपण ‘छान झालाय’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एक ते पाचमध्ये किती? लग्नानंतर मी पहिल्यांदा एकटी त्यांच्याकडे गेले, तेव्हा प्रवासाचा त्रास झाला का म्हणून त्यांनी विचारलं. नव्या सुनेने द्यायचं तेच उत्तर मी दिलं, की काहीच नाही. अकोटहून उन्हाळ्यात एसटीनं आलेल्या माणसाचं हे उत्तर विश्वासार्ह नाही, असं म्हणून ताईंनी माझ्या वतीनं तीन धरले आणि मला पंख्याखाली बसवलं. माझ्या सासूबाई गुडघेदुखीनं कण्हत असताना लेकीनं त्यांनाही दहापैकी किती दुखतं ते विचारलं होतं. ‘तुया बापाले विचार,’ असं सासूबाई म्हणाल्या. ताईंनी ते उत्तर ‘प्रतिसाद नाही’ असं धरलं आणि शांतपणे तेल गरम करायला गेल्या.

अशा बाईनं बावन्नाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला तोही मोजायचाच. वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराबद्दल किती नाराजी वाटते, हे त्यांना मोजायचं होतं. कागदावर त्याचं नाव ‘किशोरवयीनांमधील शरीरप्रतिमा-असमाधान’ असं होतं. चांदूर बाजारच्या एका शाळेत पहिली चाचणी घेताना ताईंनी हे नाव फळ्यावर लिहिलं, तेव्हा एका मुलीनं उभं राहून सांगितलं की तिच्याकडे पासपोर्ट साइजच्या दोन प्रतिमा आहेत, चालतील का. त्या दिवसापासून ताईंनी ते नाव मुलांसमोर उच्चारलं नाही.

मोजायची पद्धत सोपी होती. एका कागदावर ओळीनं नऊ चित्रं, मुलींचा कागद वेगळा आणि मुलांचा वेगळा. पहिलं अगदी काडीसारखं, मग हळूहळू भरत जाणारं, नववं चांगलं ऐसपैस. तू आत्ता यातली कोणती, आणि तुला कोणती व्हावंसं वाटतं? दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे नाराजी. ही चित्रं काढायला ताईंनी एका चित्रकलेच्या सरांना गाठलं. सर गणपतीच्या मूर्तीही रंगवायचे, त्यामुळे त्यांच्यानं बिनचेहऱ्याचं माणूस काढवेना. पहिल्या खेपेला त्यांनी बारीक मुली हसऱ्या काढल्या आणि जाड मुली रडव्या. दुसऱ्या खेपेला सगळ्याच हसऱ्या. तिसऱ्या खेपेला ताई त्यांच्या शेजारी खोडरबर घेऊन बसल्या. मग हे कागद घेऊन त्या नात्यात सुटल्या. अकोल्याला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून त्यांनी खुणा करून घेतल्या. माझ्या नवऱ्यानं सातव्या चित्राचं पोट वागवत चौथ्यावर खूण केली, आणि व्हायचंय कोणतं, तर तेही चौथंच. ‘तुया नवऱ्याचं असमाधान शून्य हाये,’ ताई मला गंभीरपणे म्हणाल्या, ‘पन त्याचे डोळे तपासून घे.’

इथवर मी या सगळ्याला हसत होते. मी अकोटच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी गॅदरिंगचे नाच बसवते. ताईंनी चार शाळा निवडल्या, त्यांत आमचीही एक होती, आणि परवानगी मीच मिळवून दिली. ताई वर्गात आल्या तेव्हा सगळ्या शिक्षकांना त्यांनी बाहेर काढलं, मलासुद्धा. नंतर मला कळलं की त्यांनी मुलांना सांगितलं होतं, यावर नाव लिहायचं नाही, आणि तुमच्या शाळेतलं कोणीही हा कागद कधीच वाचणार नाही. मुलांनी आपापले कागद मोठ्या पाकिटात टाकले आणि पाकीट त्यांच्यासमोर बंद झालं.

त्या हिवाळ्यात ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आकडे वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी रविवारी अमरावतीला जायला लागले. मी वाचायची, त्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. चांदूर बाजारचा गठ्ठा झाला, बार्शीटाकळीचा झाला. आमच्या शाळेचा गठ्ठा त्यांनी कपाटावर ठेवला होता. तो त्यांची विद्यार्थिनी वाचणार होती. ‘तो तुया कामाचा नाई,’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

एका रविवारी ताई शेजारच्या बाईंशी बोलायला फाटकापर्यंत गेल्या आणि मी तो गठ्ठा काढला. का काढला, याची बरीच कारणं मी नंतर स्वतःला दिली, पण खरं सांगायचं तर नुसती उत्सुकता होती. आमची मुलं बार्शीटाकळीच्या मुलांपेक्षा बरी निघतात का, ते पाहायचं होतं. कागदाच्या शेवटी एक मोकळी जागा होती. तुझ्या शरीराबद्दल कोणाचं बोलणं तुझ्या लक्षात राहिलं आहे का? तिसऱ्याच कागदावर निळ्या पेननं लिहिलं होतं : ‘डान्सच्या मॅडम म्हणाल्या तू पुढे आली तर मागच्या दोघी झाकून जातात. सगळे हसले. मी पण हसली.’

आमच्या शाळेत डान्सची मॅडम एकच आहे.

मला ते वाक्य आठवलं. मी ते तालमीत बोलले होते, आणि एकदाच बोलले नव्हते. मी घाईनं पुढचे कागद चाळले. आणखी तिघींनी मागच्या रांगेबद्दल लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं की तिला वाटायचं उंचीमुळे मागे ठेवतात, पण पुढे असलेल्या एका मुलीची उंची तिच्यापेक्षा जास्त आहे, हे तिनं भिंतीला टेकून मोजलं होतं.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं, ही कोण? वीस वर्षं वह्या तपासणाऱ्या बाईला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. मी तो निळ्या पेननं लिहिलेला कागद उजेडाकडे धरून ‘ळ’ची गाठ बघत होते, तेवढ्यात ताई दारात आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी गठ्ठ्यात जागच्या जागी ठेवला आणि दोरी बांधली. मी म्हटलं, मला त्या मुलीची माफी मागायची आहे.

‘माफी मागशील तं तिले समजंल, का तिचा कागद मॅडमनं वाचला,’ ताई म्हणाल्या. ‘मंग ती जिंदगीत कोनाले खरं सांगन का?’

मग त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या की हा गठ्ठा आता त्यांना वापरता येणार नाही. मला कळेचना. चार शाळांतली एक गेली म्हणजे नवी शाळा, नवी परवानगी, म्हणजे अख्खं वर्ष गेलं. मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? आकडे तर तेच आहेत.

‘मले मालूम हाये न,’ त्या म्हणाल्या. ‘त्या पोरींले मी शब्द देला होता.’

ताईंचा प्रबंध वर्षभर लांबला. निवृत्त व्हायच्या आत डॉक्टर व्हायची त्यांची इच्छा होती, तेवढा वेळ अजून आहे, असं त्या सगळ्यांना सांगत. घरात उशिराचं कारण त्यांनी डोळ्यांवर ढकललं. छापील प्रबंधात मात्र एक ओळ आहे : ‘एका शाळेतील प्रतिसाद गोपनीयतेचा भंग झाल्याने वगळण्यात आले.’ तिथे माझं नाव नाही. मी ती ओळ किती वेळा वाचली, हे ताईंनी मला कधी विचारलं नाही.

पुढच्या गॅदरिंगला मी चिठ्ठ्या टाकून रांगा ठरवल्या. सहकारी मॅडम म्हणाल्या, फोटोत कसं दिसेल. मी पुढची चिठ्ठी उघडली. दहावीतल्या एका दणकट मुलीची चिठ्ठी पुढच्या रांगेची निघाली. निळा पेन तिचा होता की नव्हता, मला माहीत नाही, मी पुन्हा कधी तिच्या वहीत तशी शोधाशोध केली नाही. ती जागची हलली नाही. दोन्ही हातांनी ओढणी सारखी करत, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, ‘राहू द्या न मॅडम, मी मांगंच बरी हाये. मले मांगच्या स्टेप येतात.’

संध्याकाळी मी ताईंना फोन केला. तिच्या आवाजात राग होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, ती हसत होती.

 ताई म्हणाल्या, ‘राग असता तं बरं झालं असतं वं.’

ती मुलगी त्या वर्षी मागेच नाचली. फार छान नाचली, हे मी सांगू शकते, कारण आता तालमीच्या वेळी मी मागे जाऊन उभी राहते. तिथून पुढच्या मुलींच्या पाठी दिसतात, आणि मागच्या मुलींचे पाय किती अचूक पडतात ते कळतं. इतकी वर्षं मी ते कधी पाहिलंच नव्हतं.