ताईंनी पाहिलेला दिवा

पांढरकवड्याहून फोन आला तेव्हा मी नुकतीच ऑफिसातून येऊन चहाचं आधण ठेवत होते. फोन सुधीरने, माझ्या नवऱ्याने घेतला. पलीकडचं बोलणं संपलं तरी तो फोन कानाला धरून तसाच उभा होता. "ताई गेली," एवढंच म्हणाला... सकाळी बाजारातून भाजी आणून, जरा पडते असं शेजारणीला सांगून प्रमिलाताई पलंगावर आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. कुणाला हाक नाही, कुणाला त्रास नाही. त्यांच्यासाठीच्या जलदान विधीला जमलेले लोक म्हणत होते, काय छान मरण आलं. मला मात्र त्या कशा जगल्या तेच आठवत राहिलं, आणि त्यातही आमच्या घरातली उन्हाळ्यातली एक दुपार.

प्रमिलाताई सुधीरच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, पांढरकवड्याच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बोलणं तोडून टाकल्यासारखं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. आमच्याकडे आल्या की आधी घरभर नजर फिरायची. इस्त्री चटका देते का, मिक्सर असा का ओरडतो... मग जमिनीवर पेपर पसरून ते उघडून बसायच्या, आणि चहा तिथेच मागायच्या. त्यांना साड्यांची हौस नव्हती, एसटीत पुढच्या खिडकीची जागा मिळाली की मात्र लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या.

काही वर्षांपूर्वी सुधीरला लकव्याचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं ते समोरच्या खोलीत. त्याच्या वर्षभर आधीच आम्ही त्या खोलीला पीओपीचं छत करून घेतलं होतं. त्यात आत बसवलेले गोल दिवे सुधीरनेच दुकानात उभं राहून निवडले होते. आता दिवसभर त्याच दिव्यांखाली उताणं पडून राहणं त्याच्या नशिबी आलं. उन्हामुळे दुपारी कूलर आणि खिडक्यांना जाड पडदे, त्यामुळे दुपारीही दिवा लागायचा. मी पतसंस्थेत नोकरीला, शेजारच्या काकू मधूनमधून डोकावून जायच्या.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "कल्पना, हा मधातला दिवा लुकलुक करून राह्यला होता." मी वर पाहिलं. दिवा स्वच्छ, स्थिर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो सकाळी आला, बटण चालू-बंद करून पाहिलं आणि म्हणाला, "काहीच नाही वहिनी, मस्त चालू आहे." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशा आजारानंतर कधीकधी असं भासू शकतं, घाबरू नका. पुण्याहून मुलगा फोनवर समजावायचा, "पप्पा, तुम्ही आराम करा." सगळेच त्याच्या भल्यासाठी बोलत होते. पण हळूहळू सुधीरने दिव्याचं नाव काढणं बंद केलं. जेवण कमी झालं. हाताचा व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीला तो "उद्या" म्हणून परत पाठवू लागला. एकदा मी पाठ पुसत असताना हळूच म्हणाला, "माझं डोकं तर नाही ना फिरून राह्यलं? खरं सांग मले."

ताई आल्या त्या पिशवी खाली ठेवायच्या आत त्याच्या उशाशी बसल्या. जेवत का नाहीस म्हणून विचारलं. त्याने दोन-तीनदा टाळलं, मग दिव्याचं सांगितलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. त्याच्याकडेच पाहत विचारलं, "कधी दिसते तुले? सकाळी का दुपारी?"

"दुपारी."

"रोज?"

"थंड असलं का नाही दिसत. ऊन तापलं का दिसते."

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या मी बी पाहतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यांनी त्याच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकली आणि चष्मा लावून, छताकडे तोंड करून आडव्या झाल्या. हे मला नंतर सुधीरने सांगितलं. दोघं भावंडं लहानपणीच्या गोष्टी बोलत तशीच पडून होती. दुपार चढली, कूलर बराच वेळ चालला, आणि मग ताईंचा फोन मला ऑफिसात आला. "घरी ये. दिवा लुकलुकते. माह्या डोयानं पाह्यला म्या."

मी रिक्षा करून आले. दारातूनच दिसलं. मधला दिवा डोळा मारल्यासारखा लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. रविवारी मी घरी असले की दुपारी दिवा बंद करून सुधीरला झोपवायची. इलेक्ट्रिशियन आला होता सकाळी, कूलर बंद असताना. भर दुपारी कूलर चालायचा तेव्हा त्या दिव्याखाली सुधीरशिवाय कुणी नसायचंच.

ताईंनी मेन स्विच पाडला. काकूंकडून शिडीचा घोडा आणला, मी तो धरला, त्या वर चढल्या. टेस्टरने खात्री करून दिव्याच्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंग दाबून तो अलगद खाली ओढला. कोपऱ्यातला चांगला दिवा काढून मधल्या जागी लावला. उतरून मेन चालू केला, कूलर चालू केला आणि वाट पाहत बसल्या. काही वेळाने तो चांगला दिवाही लुकलुकू लागला. "दिवा निर्दोष हाय," त्या म्हणाल्या. "दुखणं वायरीत हाय."

पुन्हा मेन बंद करून त्यांनी छताच्या भोकातून वायर खाली ओढली. जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप करपून तपकिरी झाली होती, आणि त्याच जोडातून कुणीतरी कूलरच्या प्लगलाही वायर दिली होती. दुपारच्या उन्हात कूलर बराच वेळ चालला की जोड तापायचा, सैल व्हायचा. हे सगळं सुधीरच्या अगदी डोक्यावर. घोड्यावरून त्या खाली उतरल्या आणि ती करपलेली टेप त्यांनी मला नाही, सुधीरच्या उजव्या हातात दिली.

"हे पाह्य. तुह्यामुळं घर वाचलं. तू सांगतलं नसतं तं काय झालं असतं?"

सुधीर त्या टेपकडे पाहत राहिला. मग रडला. आजारपणात तो पहिल्यांदाच रडला, आणि ताई त्याला गप्प करायला गेल्या नाहीत. त्या दुपारी दिवा आणि कूलर बंदच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियन आला, ताईंनी त्याला जोड दाखवला. त्याने करपलेली टोकं कापून नीट कनेक्टर लावला आणि कूलरची वायर वेगळी केली. व्यायामाची मुलगी आली तेव्हा सुधीर म्हणाला, "चाल, करू."

आज तो काठी घेऊन चालतो. ताईंचे उपकार आम्ही कधी बोलून दाखवले नाहीत. त्यांना ते आवडलंही नसतं.

परवा समोरच्या घरातल्या आजी ओट्यावर बसून सांगत होत्या, भिंतीतून सारखा खरखर आवाज येतो. त्यांची सून मागून मला खूण करत होती, वय झालं त्यांचं, मनावर घेऊ नका. सुधीर काठी टेकत उठला. रस्ता ओलांडून त्यांच्या खोलीत गेला, मीही मागे गेले. आजींनी जागा दाखवली. त्याने भिंतीला कान लावला. बराच वेळ. मग तिथेच स्टूल ओढलं, सावकाश बसला आणि म्हणाला,

"मले अजून नाही आला ऐकू, आजी. बसतो थोडा वेळ."