रेजिना टीचरांची जीभ

रेजिना टीचर माणिकपूरच्या माझ्या मेडिकलमध्ये शिरल्या, की गिऱ्हाइकं आपोआप बाजूला सरायची. काउंटरवर पिशवी उपडी करून त्या विचारायच्या, "यातलं एकही लागू पडलं नाही. आता पुढचं काय?" जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बुरशीवरची जेल, बधिर करणारं मलम, माउथवॉशच्या अर्ध्या बाटल्या. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं, त्यामुळे दुकानदार होऊनही मी त्यांच्यापुढे चाचरायचो.

त्यांची जीभ जळायची. सकाळी बरी असायची, दुपारी मिरची चावल्यासारखी आग सुरू व्हायची आणि संध्याकाळी ओठांपर्यंत पसरायची. आरशात पाहावं तर जीभ स्वच्छ, गुलाबी. तिथेच घात झाला. एका डॉक्टरने दोन धडधाकट दाढा काढल्या. दुसऱ्याच्या माउथवॉशने आग दुप्पट झाली. तिसऱ्याने त्यांच्याकडे न बघता मुलाला, विल्सनला सांगितलं, "काही नाहीये. नवरा गेला, नोकरी संपली, मनाचं आहे सगळं."

"'काही नाही' हे निदान नव्हे!" टीचर माझ्यासमोर कडाडल्या. "मला कळत नाही, असं सरळ म्हणायला लाज वाटते यांना?"

मी म्हणालो, "टीचर, टेन्शन घेऊ नका."

"गिरीजला ये माझ्या घरी. सगळे कालवण-भात खातात, मी थंड दूधभात गिळते. चार वर्षं. मग शिकव मला टेन्शन."

शेवटी त्या एकट्याच मुंबईला दातांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी साखर, लोह, बी-ट्वेल्व्ह सगळं तपासलं. मग सांगितलं, की जीभ चांगली आहे, नसा बिघडल्या आहेत. या दुखण्याला नाव आहे. चिठ्ठीवर क्लोनाझेपामची बारीक मात्रा लिहिली. गोळी तीन मिनिटं तोंडात धरायची, गिळायची नाही, थुंकून टाकायची. गुण आला नाही तर नैराश्यावरचं एक औषध अगदी थोडं, नसांसाठी. तेही नाही चाललं तर आणखी एक होतं. पूर्ण बरं होण्याची हमी मात्र त्यांनी दिली नाही.

चिठ्ठी पाहून मी घाबरलो. फिट्स आणि घबराटीवरचं औषध, सवय लागणारं. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचा नंबर होता. तो फिरवायचा सोडून मी विल्सनला फोन केला. टीचरांना म्हणालो, "माल उद्या येईल, चिठ्ठी ठेवून जा." विल्सन आला. "आईला वेड्यांच्या गोळ्या नकोत," म्हणाला आणि चिठ्ठी घेऊन गेला.

टीचर विचारायला आल्या की मी "माल आला नाही" सांगत राहिलो. आठ दिवसांनी ती चिठ्ठी त्यांना विल्सनच्या कपाटात सापडली. दुकानात गर्दी असताना त्यांनी ती माझ्यापुढे आपटली. "वाच. मोठ्याने."

मी वाचली.

"यातला कुठला शब्द तुला अवघड गेला? तोंड माझं, आग माझी, आणि परवानगी मुलाची?"

मी मान खाली घालून गोळ्या दिल्या.

महिन्याभराने आल्या. "गेली नाही, निम्म्यावर आलीये. आधी गुंगी यायची, बाईंनी मात्रा कमी केली. काल बोंबलाचं कालवण खाल्लं." एवढं सांगतानाही हसल्या नाहीत. "पण ती चार वर्षं, अविनाश? ती कोण देणार मला?" तेव्हा तरी मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

काही वर्षांनी त्या हृदयविकाराने गेल्या. दफन झाल्यावर चर्चच्या आवारात विल्सन माझ्याजवळ आला. "आई फार चिडकी होती, नाही?"

माझं डोकं फिरलं. "चिडकी नव्हत्या. त्यांना दुखत होतं, विल्सन. आणि आपण दोघांनी त्यांचं औषध अडवलं."

लोक वळून बघायला लागले. "हळू बोल," तो पुटपुटला.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.